दाराखालचे दोन सेंटीमीटर

नंगनल्लूर, चेन्नई
३ फेब्रुवारी २०२५

गिरीधर,

आशीर्वाद नेहमीचेच. आधी चांगली बातमी सांगते, कारण उरलेलं पत्र तक्रारींनी भरलेलं आहे. आत्याचं खुब्याचं हाड बसलं. डॉक्टर म्हणाले, शहाऐंशीव्या वर्षी इतकं सरळ जुळलेलं हाड त्यांनी क्वचित पाहिलं. आत्या म्हणाली, "सरळ जुळणारच. वाकडं वागायला मी शिकलेच नाही." तीन आठवडे धड झोप नव्हती. काल दुपारी पहिल्यांदा गाढ झोपले.

आता तक्रारी. आत्याला व्यायामासाठी ज्या केंद्रात ठेवलं आहे, तिथली सौम्या नावाची फिजिओथेरपिस्ट सत्तावीस तारखेला माझं घर बघायला येणार आहे. व्हीलचेअर रस्त्यावरून घरात आणि घरातून रस्त्यावर, कोणीही न उचलता गेली पाहिजे, आणि ढकलणारी मीच असले पाहिजे. गेली, तर आत्या माझ्याकडे राहायला येईल. नाही गेली, तर तुझ्या सुपुत्राने, तरुणने, ओरगडमच्या पुढे एका वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली आहे, तिथे. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत मला फोन करून तरुण सांगतो की तिथे चोवीस तास नर्स असते. आई गेल्यावर जिने तुला आणि मला न्हाऊमाखू घातलं, तिला नर्स. तू त्याला दोन शब्द सुनावणार आहेस की नाही?

अडचण आहे ती पुढच्या दाराच्या उंबरठ्याची. सात सेंटीमीटर उंच. बाहेरून आणि आतून उताराच्या फळ्या बसवायला हव्यात. दार आत उघडतं, ते आतल्या फळीला घासणार, म्हणून दारही खालून दोन सेंटीमीटर कापायला हवं. एवढंच काम. पहिला सुतार माप घेऊन गेला तो गेलाच. दुसरा म्हणाला, "मामी, उंबरठाच कापून टाकतो, पाच मिनिटं." राहत्या घराचा उंबरठा. त्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावला. तिसरा हातात धरायची विजेची गोल करवत घेऊन आला. फळी पायाखाली दाबून त्याने जी कापली, ती बालवर्गातल्या मुलीने कात्रीने कागद कापावा तशी. एकच शहाणपण त्याच्यात दिसलं. पात्यावर फडफडणारं ते पत्र्याचं झाकण त्याने तारेने वर बांधून टाकलं होतं, म्हणजे रेघ दिसते.

तेव्हा आता मीच कापणार आहे. शनिवारी जॉर्ज टाउनला जाऊन तसलीच करवत घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "मामी, सारना पाठवा, त्यांना चालवून दाखवतो." मी म्हटलं, "आमचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना दाखवायचं असेल तर तुम्हालाच तिकडे जावं लागेल." मग त्याने मुकाट्याने खोका उघडला.

तू तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलंस. तुझे कान गेल्यापासून फोन म्हणजे मी ओरडायचं, वरच्या मजल्यावरच्या पंकजम मामींनी ऐकायचं आणि तू "काय?" म्हणायचं. म्हणून लिहिते आहे. उपदेश नको. रेघ सरळ कशी ठेवायची तेवढं कळव.

वसंता


तंजावर
७ फेब्रुवारी

अक्का, नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हाडासाठी आणि एकदा तारेसाठी.

नव्या करवतीच्या झाकणाला तू तार बांधली असशील तर हे पत्र खाली ठेव, प्लग काढ, तार सोड आणि मग पुढे वाच.

सोडलीस? ठीक. ते झाकण करवत लाकडात शिरताना आपोआप मागे सरतं आणि बाहेर निघताच स्प्रिंगने पात्यावर येतं. बटण सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं. नेमकं तेव्हाच माणूस काम झालं म्हणून करवत खाली घेतो, मांडीजवळ. माझ्याकडे नागोजी नावाचा विद्यार्थी होता. हात चांगला, घाई फार. तोही झाकण बांधून ठेवायचा. आज तो ओरगडमला गोदाम सांभाळतो आणि कंपनीच्या बसच्या पायऱ्या आधी एक पाय ठेवून मग दुसरा ओढून चढतो.

उपदेश नको म्हणालीस, म्हणून फक्त काम सांगतो. पात्याची खोली अशी लाव की लाकडाच्या खाली एक दात डोकावेल, जास्त नाही. खोली लावताना, पातं बदलताना, भुसा झटकताना प्लग भिंतीत नसला पाहिजे. वायर खांद्यावरून मागे सोड. पातं पूर्ण वेगात आलं की मगच लाकडाला लाव, आणि ढकलू नकोस, नुसती सोबत कर. दोन्ही हात करवतीवर. लाकूड हाताने किंवा पायाने धरायचं नाही, शिकंजा लावायचा. उभी राहशील ती पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. चष्मा घाल आणि कानात बोळे घाल. मी घातले नाहीत, त्यामुळेच तुला आज टपालखर्च पडतो आहे.

साडी नको. पिना लावूनही नको. बांगड्या काढ.

आता रेघ. ती डोळ्याने सरळ राहत नाही, कुणाचीच. करवतीच्या तळपट्टीच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर मोज. तेवढ्याच अंतरावर रेघेला समांतर एक सरळ पट्टी शिकंज्याने आवळ आणि तळपट्टी तिला टेकवून ने.

दाराला आणि चांगल्या फळ्यांना एवढ्यात हात लावू नकोस. टाकाऊ प्लायवूडवर काप. वीस सेंटीमीटर रुंदीचे तुकडे, नंबर घालून मला पाठव. काय काय झालं ते लिहिलं नाहीस तरी चालेल, तुकडे सांगतील.

तरुणविषयी सवडीने लिहीन. एखादा धड सुतार मिळत असेल तर अजूनही बघ.

गिरीधर


नंगनल्लूर
१२ फेब्रुवारी

गिरीधर,

तार बांधलेली होती. सोडली. याहून जास्त त्याविषयी बोलायचं नाही.

एकाहत्तराव्या वर्षी मी चुडीदार घातला. निळा, कापडी बेल्टासकट. पंकजम मामी जिन्यावरून खाली बघून म्हणाल्या, "वसंता, कुठे निघालीस? एअरपोर्टला?" मी म्हटलं, "पोर्चमध्ये." त्या तासभर तिथेच उभ्या राहिल्या. सकाळी दहा ते बारा मी कापते, हे सगळ्या इमारतीला कळवलं आहे. मागच्या बाजूच्या गृहस्थांनी आवाजाची तक्रार केली. त्यांच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस नादस्वरम वाजत होता तेव्हा मी पेढे वाटले होते, याची त्यांना आठवण करून दिली.

तुझी पट्टीची युक्ती मला नवी नाही. सिस्टर ॲग्नेस शिवणाच्या तासाला खडूच्या रेघेला पट्टी लावल्याशिवाय कात्री हातात देत नसत, आणि जी मुलगी नुसत्या डोळ्याने कापी तिला उसवायला बसवत. लाकूड उसवता येत नाही, एवढाच फरक.

सोबत चार तुकडे आहेत. पहिला वाईट आहे, मला माहीत आहे. तिसरा बरा आला.

आत्याला काल चार पावलं चालवली. परत आल्यावर तिने सौम्याला विचारलं, "तुझं चालून झालं का आता?" केंद्रातल्या सगळ्या पोरी तिच्यापुढे सरळ उभ्या राहायला लागल्या आहेत. हे बघून बरं वाटतं. मागच्या महिन्यात मी तिच्या खाटेशी बसून कोणकोणते विचार केले ते कुणाला सांगणार नाही.

तरुणने परवा पुन्हा फोन केला. जागा या महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवतील म्हणे. मी विचारलं, "हे तुझ्या बापाला ठाऊक आहे का?" तर म्हणाला, "मीटिंग आहे, नंतर बोलतो." तू गप्प का?

वसंता


तंजावर
१५ फेब्रुवारी

अक्का,

तुकडे पोचले. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून बसलो आहे.

पहिला: सुरुवातीची कड कुरतडलेली आहे. पातं वेग घेण्याआधीच लाकडाला लावलंस. पुढे सरळ आहे, म्हणजे घाबरून सोडलं नाहीस.

दुसरा: सरळ, पण रुंदी एकोणीस सेंटीमीटर आणि साडेसात मिलिमीटर. पातं रेघेवरून नेलंस. पात्याला स्वतःची जाडी असते, तेवढा भुसा होतो. रेघ आपल्या तुकड्याची असते, पातं तिच्या बाहेरून न्यायचं, टाकाऊ भागातून. हे तुझ्या सिस्टरांनी शिवणीसाठी सोडायच्या कापडाबद्दल सांगितलं असेलच.

चौथा चांगला आहे. नीट वीस.

तिसरा बरा आला असं तू लिहिलंस. तिसरा अर्ध्यापर्यंत स्वच्छ आहे. मग कड काळी पडली आहे, जळलेली. तिथेच वरच्या बाजूला तिरका ओरखडा आहे, पातं लाकडातून वर चढल्याचा. म्हणजे तू फळी दोन स्टुलांवर आडवी टाकून मधे कापलीस. मधे आल्यावर दोन्ही बाजू वाकून चीर मिटली, तिने पातं आवळलं, आणि करवत तुझ्या दिशेने मागे उडाली.

तेव्हा तू कुठे उभी होतीस? थेट मागे असतीस तर त्यानंतर चौथा तुकडा असा कापला गेला नसता. म्हणजे बाजूला होतीस. हे जुळवून झाल्यावर मी तांब्याभर पाणी प्यायलो.

यापुढे स्टुलं नाहीत. जमिनीवर जाड थर्मोकोल पसर, सबंध लाकूड त्यावर ठेव. पातं थर्मोकोलात जरासं शिरलं तरी बिघडत नाही. कापून सुटणारा भाग कशातही अडकलेला नको.

आणखी एक, दारासाठी. या करवतीचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे वरच्या बाजूच्या चिरफळ्या उडतात. म्हणून दाराची चांगली बाजू नेहमी खाली, जमिनीकडे.

आता खरं लिही.

गिरीधर


नंगनल्लूर
१९ फेब्रुवारी

गिरीधर,

हो. उडाली. दोन हात मागे, आणि फरशीवर आपटायच्या आत झाकण पात्यावर आलं. तारेने बांधलेलं असतं तर काय, हे मी रात्री अंथरुणावर पडून पुरतं रंगवून पाहिलं. मी बाजूला उभी होते ती तू लिहिलं होतंस म्हणून, पटलं म्हणून नव्हे. आता पटलं. पंधरा मिनिटं पायरीवर बसले, मामींनी ताक आणून दिलं, आणि मग चौथा कापला. नाही तर पुन्हा कधीच कापला नसता. लिहिलं नाही, कारण तू तरुणला कळवलं असतंस, आणि तो मला हातपाय शाबूत असताना शहाणपण शिकवायला आला असता.

उताराच्या दोन्ही फळ्या झाल्या. सौम्याने कागदावर लिहून दिल्याप्रमाणे चौऱ्याऐंशी सेंटीमीटर लांब. खालची कड तिरपी कापली आहे, म्हणजे चाक अडखळणार नाही. पाच, सहा आणि सात नंबरचे तुकडे सोबत आहेत. सातवा त्या तिरप्या कडेचा. बघ आणि नावं ठेव.

पण दार अडलं आहे.

तुला आठवत असेल, माझ्या पुढच्या दारावरच, वरच्या चौकोनात, गजलक्ष्मी कोरलेली आहे. दोन हत्ती, मधे ती. दर शुक्रवारी मी तिला कुंकू लावते. सोमवारी वॉचमन आणि शेजारचे रत्नाकर यांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, पोर्चमध्ये आणलं आणि कुणी न सांगता सुलटं ठेवलं, तोंड वर. मी म्हटलं, उलटं करा. कुणी हलेना. रत्नाकर पुण्यात वाढलेले, इंजिनियर, दिवसभर कारखान्यात यंत्रमानव चालवतात. तेही हात पुसत म्हणाले, "मावशी, तुम्हीच करा." मामी वरून म्हणाल्या, "महालक्ष्मीला तोंडघशी पाडणार, आणि तेही पोर्चच्या फरशीवर?"

मला राग आला. नन्सच्या शाळेत अकरा वर्षं काढलेली मी, शकुन-अपशकुनाच्या नावाने आयुष्यभर नाक मुरडलेलं. पुढे झाले, दाराची कड धरली, आणि माझाही हात उचलेना. सागवानाच्या एका टाकाऊ तुकड्यावर सुलट बाजू वर ठेवून कापून पाहिलं. तू म्हणालास तशा चिरफळ्या. आत्याची कातडी कांद्याच्या सालीसारखी झाली आहे, तिच्या पावलाशी असली कड मला नको. दार न कापता पुन्हा लावलं.

संध्याकाळी आत्याला भेटायला गेले तेव्हा तोंड लपवता आलं नाही. तिने काढून घेतलंच. सगळं ऐकून म्हणाली, "काय गे वसंते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मला इथे रोज दोनदा पालथं घालतात. मी काय कमी आहे तिच्यापेक्षा? तिला अर्धा तास घाल. खाली माझी रजई टाक म्हणजे टोचायचं नाही. आणि आधी सांग तिला, का घालतेस ते. मला पोरी न सांगताच उलटवतात, त्याचा राग येतो."

शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकायला लागली. मी मात्र बाहेर येऊन जिन्यात थोडी रडले. बरं वाटलं म्हणून.

तर रजई घालून कापू का? ताबडतोब कळव. आठच दिवस राहिले आहेत.

वसंता


तंजावर
२२ फेब्रुवारी

अक्का,

घाल. पण रजई वरच्या अर्ध्या भागाखालीच, रेघेपासून निदान हातभर लांब. धागा पात्यात गेला तर करवत रजईसकट ओढली जाते. खालच्या अर्ध्याला थर्मोकोल. दोन्हींची जाडी सारखी होईपर्यंत रजईच्या घड्या कमीजास्त कर, नाही तर दार डुगडुगेल.

कापायची रेघ आधी धारदार सुरीने पट्टी लावून कोरून घे, दोन्ही बाजूंनी. म्हणजे चिरफळ्या तिथेच थांबतील. खालच्या टोकाला जुना खिळा किंवा स्क्रू नाही ना, ते लोहचुंबक फिरवून बघ. मधे थांबू नकोस. थांबावंच लागलं तर पातं थांबेपर्यंत करवत जागेवरून हलवू नकोस, चालू पातं मागे ओढायचं नाही.

सातवा तुकडा बघितला. नावं ठेवायला जागा नाही.

आत्याला माझा नमस्कार.

गिरीधर


नंगनल्लूर
२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

गिरीधर,

झालं.

मंगळवारी सकाळी दार उतरवलं. आत्याने सांगितल्याप्रमाणे लक्ष्मीला कारण सांगितलं, हळू आवाजात, कारण रत्नाकर ऐकत होते. मग त्यांनी आपण होऊन दुसरी कड धरली आणि आम्ही दोघांनी ती रजईवर ठेवली, मूल झोपवावं तशी. सुरीने रेघ कोरली. लोहचुंबक फिरवला तर एका कोपऱ्यात खरोखरच खिळा निघाला, आपण जन्मलो त्या काळातला असावा इतका गंजलेला. तो उपसायला पाऊण तास. तो तिथेच राहिला असता तर, असं म्हणून मामींनी डोळे मिटले. या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

कापायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कापलेली पट्टी लांबच्या लांब थर्मोकोलावर निजली, अलगद. कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दार परत लावलं आणि आतल्या फळीवरून ते उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. मी वीसेक वेळा तरी उघडझाप केली असेल. शेवटी वॉचमन म्हणाला, "मामी, पुरे, बिजागऱ्या झिजतील."

आज सौम्या आली. खुर्ची घेऊनच आली. तीत स्वतः बसली आणि म्हणाली, "मी छप्पन्न किलो, आजी बेचाळीस. मला नेता आलं तर त्यांनाही येईल. ढकला." मी तिला रस्त्यावरून आत नेलं, आतून रस्त्यावर नेलं. पुन्हा आत आणलं. घाम आला, पण दम लागला नाही. तिने फळीवर टेप धरला, तिरप्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "सुतार कोण? नंबर द्या ना, दोन-तीन पेशंटना हवा आहे."

मी म्हटलं, "सुतार एकाहत्तर वर्षांची आहे आणि सध्या नवी कामं घेत नाही."

सही केली. रविवारी, दोन मार्चला, आत्या घरी येते. तुझ्या मुलाला सांग, त्याची ती जागा ज्याला हवी त्याला दे म्हणावं.

वसंता


तंजावर
२ मार्च

अक्का,

आत्ता, मी लिहितो आहे तेव्हा, आत्या बहुधा गाडीत असेल. पत्र हाती आलं तेव्हा मी मोठ्याने हसलो असणार, कारण शेजारच्या मानाजींनी येऊन काय झालं म्हणून खुणेने विचारलं.

आता एक गोष्ट लिहायची आहे. एक महिना तू विचारते आहेस आणि मी टाळतो आहे. जागा तरुणने आपणहून शोधली नाही. मी शोधायला लावली. जानेवारीत, आत्या पडली त्या आठवड्यात. आत्यासाठी ठिकाण म्हणून नव्हे. तुझ्यासाठी. एकट्या बाईने एकाहत्तराव्या वर्षी तिला उठवायचं, न्यायचं, आणि त्यात तूच पडलीस तर दोघी गेल्या, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मुलाला पुढे केलं. माझ्या सांगण्यावरून महिनाभर त्याने तुझी बोलणी खाल्ली. एकदाही माझं नाव घेतलं नाही.

तू करवत घेतलीस तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. तिसरा तुकडा हाती आला तेव्हा वाटलं, आता तरुणला सांगून सगळंच थांबवावं. तुकडा खिशात घालून पोस्टापर्यंत गेलोही होतो. पण मग चौथा पुन्हा पाहिला. करवत अंगावर उडाल्यावर त्याच सकाळी इतका सरळ तुकडा माझ्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांत कुणी कापलेला मला आठवत नाही. ते जातात, विडी ओढतात, दुसऱ्या दिवशी येतात. तिसऱ्याबद्दल मी तरुणला काही बोललो नाही.

एकवीस तारखेला सातवा आला. त्याच संध्याकाळी मानाजींकरवी फोन करून तरुणला कळवलं, जागा सोडून दे. सौम्या काय म्हणते त्याची वाट पाहिली नाही. तरुण म्हणाला, "अप्पा, नक्की ना?" मी म्हटलं, ज्या बाईला कुठे थांबायचं आणि कुठे नाही ते कळतं, तिच्याकडे आत्या सुरक्षित आहे.

तुला राग येणार. यायलाच हवा.

गिरीधर


नंगनल्लूर
६ मार्च

गिरीधर,

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्या दिवशी उत्तर लिहिलं ते चार पानी होतं, आणि शाळेत असताना अशा भाषेबद्दल माझ्या तळहातावर पट्टी बसली असती. ते फाडलं. थोडक्यात त्यात असं होतं, की तू भित्रा आहेस, लहानपणापासून आहेस, आणि माझी काळजी करायचीच होती तर माझ्या तोंडावर करायची होतीस. मी तुझं ऐकूनच घेतलं नसतं असं तुला वाटलं का?

दुसरं पत्र लिहायला बसले तर राग सापडेना. महिनाभर मी असं समजत होते की आत्यासाठी मी एकटीच झटते आहे आणि बाकी सगळे तिला अडगळीत टाकायला निघाले आहेत. तसं नव्हतं हे कळल्यावर माणसाला चिडायचं असतं ते नीट चिडतासुद्धा येत नाही. तू मला फसवलंस, हे माझ्या लक्षात राहील. तरुणची मात्र मी काल माफी मागितली. तो गडबडून गेला. म्हणाला, "असू दे, असू दे, मीटिंग आहे." येत्या रविवारी दोघे जेवायला या. मी माझं बोलून घेतलं आहे, पण आत्याने अजून घेतलेलं नाही. मी तिला सगळं सांगितलं आहे.

रविवारी तिला आणलं त्याविषयी सांगायचं राहिलं. गाडी फाटकाशी थांबली. सौम्याने तिला खुर्चीत बसवलं. मामी आरती घेऊन दारात उभ्या होत्या, रत्नाकर उगाच फळीपाशी वाकून बघत होते, जणू त्यांनीच केली. मी ढकलायला लागले. फळी चढली, काही आवाज नाही, काही हिसका नाही. बरोबर उंबरठ्यावर आलो तेव्हा आत्याने हात वर केला.

"थांब गे."

मी घाबरले. म्हटलं, दुखतं का?

"नाही. ब्रेक लाव."

ब्रेक लावला. ती मागे टेकून बसली, हात मांडीवर. एक पाय घरात, एक पाय बाहेर असावा तशी बरोबर मधोमध. रस्त्याकडे बघितलं, घराकडे बघितलं. फुलवाली सायकल थांबवून बघायला लागली. मागे गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आरतीतला कापूर विझला.

"सात वर्षांची असल्यापासून," आत्या म्हणाली, "उंबरठ्यावर बसू नको, उंबरठ्यावर थांबू नको, आत हो नाही तर बाहेर हो. माहेरी तेच, सासरी तेच. आज मी काही त्याला टेकलेली नाही. तुझ्या फळीवर आहे. कोण बोलतं बघू."

दहा मिनिटं आम्ही सगळे तसेच उभे होतो, ती "चल आत" म्हणेपर्यंत.

वसंता